उपटणाऱ्याचा अधिकार

रायपूर शहराच्या उत्तरेला उरला नावाचे गाव आहे. आज ते गाव म्हणून कमी आणि औद्योगिक क्षेत्र म्हणून अधिक ओळखले जाते. लोखंड-पोलादाचे कारखाने, छपरांवर, झाडांच्या पानांवर आणि दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर सारखीच बसणारी काळी धूळ, आणि या साऱ्यातून वाट काढीत खारून नदीच्या दिशेने जाणारे नाल्यांचे पाणी. या पाण्याच्या काठाने एक झुडूप दाटीवाटीने उभे असते. उंची माणसाएवढी किंवा थोडी अधिक, खोड पोकळ, पाने हृदयाच्या आकाराची, फुले फिकट गुलाबी-जांभळ्या रंगाची आणि नरसाळ्यासारखी. नाव ठाऊक नसलेल्या माणसाला ही फुले निःसंशय सुंदर वाटतील. पण नाव ठाऊक नसलेला माणूस तिकडे सापडणे कठीण. छत्तीसगडात या झुडपाला बेशरम म्हणतात. विदर्भातही तेच नाव आहे. आणखी उत्तरेकडे बेहया.

हे नाव का पडले हे समजण्यास वेळ लागत नाही. कापून फेकलेल्या त्याच्या तुकड्याला ओल मिळाली की मुळे फुटतात. पाण्यात ते तग धरते, उन्हातही तग धरते. गुरे त्याला तोंड लावीत नाहीत. चाऱ्याच्या टंचाईत एखाद्या शेळीला त्याची चटक लागली तर तिच्या मज्जासंस्थेवर परिणाम होतो आणि ती झोकांड्या खाऊ लागते. हाकलले तरी जात नाही, मारले तरी मरत नाही, म्हणून बेशरम. परंतु लाज ही केवळ माणसाला असू शकणारी गोष्ट आहे. ज्याला लाज असणेच संभवत नाही त्याला निर्लज्ज ठरविणे हा भाषेने दिलेला एक निवाडा आहे, आणि तो आरोपीचे म्हणणे न ऐकता दिलेला आहे.

बाहेरून आलेल्या आणि अनावर पसरलेल्या वनस्पतींची मराठी नावे एकत्र वाचली म्हणजे शिव्यांचा एक छोटा कोशच हाती लागतो. घाणेरी, वेडी बाभूळ, रानमोडी, बेशरम. गाजर गवताला काँग्रेस गवत हे नाव मिळाले, आणि त्याबरोबर एक कथाही मिळाली: अमेरिकेने मदत म्हणून धाडलेल्या गव्हातून हे बी आले. पुण्यातील या वनस्पतीची नोंद १९५६ साली प्रसिद्ध झाली, पी.एल. ४८० या अमेरिकन कायद्याखालील भारताचा पहिला करारही १९५६ च्याच ऑगस्टमधला. नोंद आणि करार एकाच वर्षातले असतील, तर त्या करारान्वये आलेल्या गव्हाला दोषी ठरविणे अवघड जाते. शिवाय रॉक्सबर्गच्या १८१४ साली छापलेल्या कलकत्त्याच्या उद्यानातील वनस्पतींच्या यादीत हे नाव आधीच आढळते. कथा मात्र टिकून राहिली, कारण ती सोयीची होती. बंगालमध्ये जलपर्णीच्या बाबतीत असेच घडले. दक्षिण अमेरिकेतील ही वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिच्या फुलांसाठी बंगालमध्ये आली असे मानले जाते. तिने नद्या आणि भातखाचरे व्यापली तेव्हा तेथील शेतकरी तिला ‘जर्मन पाना’ म्हणू लागले. पहिल्या महायुद्धातील शत्रूचे नाव एका पाणवनस्पतीला चिकटले. १९३६ साली तिच्या निर्मूलनासाठी बंगालला स्वतंत्र कायदा करावा लागला. संकट आले की माणसाला प्रथम हवा असतो तो अपराधी, उपाय त्यानंतर.

दुसऱ्या बाजूला जी नावे आहेत तीही ऐकण्यासारखी आहेत. सीताफळ आणि रामफळ ही दोन्ही फळे वनस्पतिशास्त्राच्या मते मुळात अमेरिका खंडातली; त्यांच्या नावांत मात्र थेट रामायण आले. कांकेरच्या रानांतले सीताफळ आज छत्तीसगडचा अभिमान मानले जाते. पेरूही तिकडचाच, पण त्यामुळे त्याला कोणी परका म्हटले नाही. मिरची, बटाटा, भुईमूग, काजू, पपई हे सारे समुद्रापलीकडून आलेले. दसऱ्याला दारावर जो झेंडू बांधतात तो मेक्सिकोचा, आणि वेणीतला निशिगंधही तिकडचाच. चिंच आफ्रिकेतून फार पूर्वी आली आणि इतकी रुळली की तिच्याशिवाय आमटीची कल्पना करता येत नाही. तेव्हा बाहेरून येणे हा दोष असता तर मराठी स्वयंपाकघर आणि देवघर दोन्ही रिकामी करावी लागली असती. दोष दुसरीकडे कोठेतरी आहे, आणि तो नेमका कोठे आहे हे ठरविल्याखेरीज हातात कोयता घेणाऱ्याला आपण काय करीत आहोत हे सांगता येणार नाही.

उरल्यासारख्या ठिकाणी हा प्रश्न केवळ शब्दांचा राहत नाही. येथील कारखान्यांत ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेश येथून आलेली माणसे मोठ्या संख्येने काम करतात. छत्तीसगडी बोलीत बाहेरून आलेल्यासाठी ‘परदेसिया’ हा शब्द आहे आणि राजकारणात त्याला धार येते. मराठी वाचकाने येथे तटस्थ प्रेक्षकाची जागा घेण्याचे कारण नाही. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे सैन्य भास्करपंतांच्या नेतृत्वाखाली रतनपूरवर चालून गेले. १७५८ ते १७८७ या काळात बिंबाजी भोसले यांनी छत्तीसगडचा कारभार पाहिला. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले तेव्हा छत्तीसगडही त्याबरोबर इंग्रजांकडे गेले. रायपुरातील जुनी मराठी कुटुंबे हा त्या इतिहासाचा आणि पुढे मध्य प्रांताच्या नोकऱ्यांचा ठेवा आहे. विजयादशमीला सोने म्हणून पाने वाटण्याची चाल छत्तीसगडात बिंबाजींच्या काळी सुरू झाली असे तेथील इतिहासलेखनात सांगितले जाते. परक्यांनी आणलेली एक रीत झाडाच्या पानावरून आली आणि राहिली. तिला कोणी उपटले नाही; उपटण्यासारखे त्यात काही नव्हते.

झाडांविषयीची भाषा माणसांकडे सरकणे ही काल्पनिक भीती नाही. तेरड्याच्या कुळातील एक लहानशी वनस्पती मध्य आशियातून युरोपात पसरली होती. १९४२ साली जर्मनीतील काही वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिच्या समूळ उच्चाटनाची हाक दिली आणि त्या हाकेत तिची तुलना बोल्शेविझमशी केली. त्या वर्षी त्या देशात माणसांच्या उच्चाटनाचेही काम चालू होते. एका निरुपद्रवी तेरड्यावर रोख धरणारी भाषा आणि माणसांवर रोख धरणारी भाषा या दोन्ही एकाच टाकसाळीतून निघाल्या होत्या. म्हणून ‘मूळचे’ आणि ‘परके’ हे शब्द वनस्पतिशास्त्राने वापरावेत की टाकून द्यावेत असा वाद उपस्थित होतो, तेव्हा तो पांडित्याचा खेळ नसतो. २०११ साली मार्क डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात असे प्रतिपादन केले की एखाद्या जातीचा निवाडा तिच्या उगमावरून करू नये, तिच्या परिणामांवरून करावा. शंभराहून अधिक शास्त्रज्ञांनी त्यांना उत्तर दिले की उगम विसरला तर धोका ओळखण्यास फार उशीर होतो.

या वादात दोन्ही बाजूंकडे अर्धे सत्य आहे असे म्हणून सुटका करून घेणे सोपे आहे. पण प्रश्न तसा सुटत नाही. उगमाला अर्थ आहे, मात्र तो अपराधाचा नव्हे, कारणाचा आहे. आपल्या मायभूमीत प्रत्येक वनस्पतीला खाणारे कीटक, तिला पोखरणारी बुरशी, तिच्याशी स्पर्धा करणारे शेजारी असतात. समुद्र ओलांडताना बी येते, हे सोबती मागे राहतात. घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झुडूप म्हणून कलकत्त्याच्या उद्यानात आली. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतातील व्याघ्रक्षेत्राच्या चाळीस टक्क्यांहून अधिक भागात ती शिरली आहे. तिच्या जाळीखाली गवत उगवत नाही. गवत नाही तेथे चितळ नाही. आणि जे गाव त्या रानातून तेंदूपाने, मोहफुले आणि चारा आणीत असे त्या गावाची वाट बंद होते. ही हानी खरी आहे. ती घाणेरीच्या वृत्तीमुळे झालेली नाही. घाणेरीला वृत्ती नाही. ती झाली एका मळेकऱ्याच्या हौसेमुळे आणि नंतरच्या दोनशे वर्षांच्या दुर्लक्षामुळे. दुःख झाडाच्या निमित्ताने आले, जबाबदारी मात्र माणसाचीच आहे.

मूळचे तेवढे निष्पाप, हाही तितकाच मोठा भ्रम आहे, आणि तो दूर करण्यास छत्तीसगडचे शेतच पुरेसे आहे. येथील भातात ‘करगा’ नावाचे एक तण येते. ते कोठूनही आलेले नाही. ते भाताचेच रानटी भावंड आहे. कोवळेपणी ते भातापासून ओळखू येत नाही. दाणे भरले की ते कापणीपूर्वीच झडतात आणि पुढच्या वर्षीचे बी शेतात पेरून ठेवतात. शेतकरी त्याला निंदून काढतो तेव्हा तो भाताच्या आप्ताला काढीत असतो. हा आप्त ओळखता यावा म्हणून रायपूरच्या कृषी विद्यापीठाने जांभळ्या पानांचे ‘श्यामला’ हे वाण दिले. जांभळ्या रोपांत जे हिरवे दिसेल ते उपटावे. हिरव्याला शोधून काढण्यासाठी भाताला जांभळे व्हावे लागले, यातला उपरोध शेतकऱ्याच्या नजरेतून सुटत नसेल.

पण गोष्ट इथे थांबत नाही. मराठी पंचांगाप्रमाणे श्रावण वद्य षष्ठीला छत्तीसगडातील माता मुलांसाठी कमरछठचे व्रत करतात. त्या दिवशी नांगरलेल्या जमिनीतले काही खायचे नसते; महाराष्ट्रात ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचे खात नाहीत त्याच जातीचा हा नियम. तेव्हा शिजवला जातो तो ‘पसहर’ नावाचा तांदूळ, म्हणजे तळ्याकाठी, खाचखळग्यांत आपोआप उगवणारा रानभात. बाजारात तो त्या दिवसांत चांगल्या तांदळाहून महाग मिळतो. करग्याचा हा सख्खा नातलग. शेतात तण, तळ्याकाठी प्रसाद. वस्तू तीच किंवा जवळजवळ तीच, पण स्थान वेगळे आणि नाते वेगळे. तण ही वनस्पतीची जात नसून संबंधाचे नाव आहे, हे ज्ञान ग्रंथांतून येण्यापूर्वी व्रतातून आलेले आहे. या ज्ञानात एक नम्रता आहे. त्यात कोणालाही कायमचे पापी ठरविलेले नाही. जेथे हानी होते तेथे उपटायचे आणि जेथे होत नाही तेथे राहू द्यायचे एवढेच आहे.

मग उपटण्याचा अधिकार येतो कोठून? शेतात तो श्रमातून येतो. ज्याने नांगरले, पेरले, त्याला निंदण्याचा हक्क आहे, आणि अहिंसेच्या परंपरेनेही शेतकऱ्याच्या या हिंसेकडे समजुतीने पाहिले आहे. जैन विचारात वनस्पतीला एकेंद्रिय जीव मानले जाते. तिला दुखावणे ही हिंसाच. तरीही गृहस्थाच्या निर्वाहासाठी अपरिहार्य असलेल्या हिंसेला साधूच्या मापाने मोजलेले नाही. पण उरल्याच्या नाल्याकाठी निर्वाहाचा दाखला चालत नाही. तो काठ कोणी नांगरलेला नाही, त्यावर कोणी काही पेरलेले नाही. तेथे पेरले गेले ते सांडपाणी. जलपर्णीच्या बाबतीत हे अधिक स्पष्ट होते. रायपूरची तळी आणि खारूनचे काही भाग तिने भरतात; यंत्रे आणि माणसे लावून ती काढली जाते; ती पुन्हा येते. पाण्यात नत्र आणि स्फुरद वाढले की अनुकूल हवेत ती दोन आठवड्यांत दुपटीने पसरू शकते, आणि तिचे बी गाळात वर्षानुवर्षे जिवंत राहते. तिला खायला घालणारा हात आणि तिला उपटणारा हात एकाच शहराचे आहेत. तिला उपद्रव म्हणणे खोटे नाही, पण ती त्याआधी साक्षीदार आहे. साक्षीदाराला दर उन्हाळ्यात न्यायालयाबाहेर काढून टाकल्याने खटला निकालात निघत नाही. वस्तुतः बाहेर काढलेल्या जलपर्णीने शहराला एक सोयीचा दिलासा मिळतो: पाणी दिसू लागते, आणि दिसणारे पाणी स्वच्छ वाटते.

हिरव्या रंगाचाही असाच मोह आहे. कारखान्याला पर्यावरण-मंजुरी देताना आवारातील ठरावीक जागेवर हरितपट्टा राखण्याची अट सामान्यपणे घातली जाते. अट योग्य आहे. परंतु जे लवकर वाढेल, गुरे खाणार नाहीत आणि छायाचित्रात दाट दिसेल ते लावण्याकडे सहज कल होतो. सुबाभूळ आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ यांची देशभर झालेली लागवड अशाच घाईतून वाढली. हेतू बहुधा चांगला होता. सुबाभळीने तर सत्तरच्या दशकात चाऱ्याची आणि जळणाची मोठी आशा जागविली होती. आज तिचे बी पडीक जमिनींत आपोआप रुजते आणि दुसऱ्या रोपांना जागा देत नाही. शंभर वर्षांपूर्वी हौसेने चूक झाली, पन्नास वर्षांपूर्वी कल्याणाच्या इच्छेने झाली, आता नियमपालनाच्या इच्छेने होऊ शकते. चुकीची कारणे सुधारत गेली, हे समाधान तसे फार नाही.

उपटण्याच्या साधनांतही नीती दडलेली असते. गाजर गवत खाणारा एक भुंगेरा १९८३ मध्ये मेक्सिकोतून बंगळूरला आणला गेला आणि पुढील वर्षी सोडण्यात आला. काही काळाने तो सूर्यफुलाच्या पानांवर दिसला तेव्हा शेतकऱ्यांत घबराट उडाली; नंतरच्या अभ्यासाने ती भीती फारशी खरी नव्हती असे ठरविले आणि जबलपूरच्या तणसंशोधन संस्थेकडून हा कीटक पुढे अनेक ठिकाणी दिला गेला. परक्याला आवरण्यासाठी दुसरा परकाच बोलवावा लागला. मूळचे-परके या भेदावर नीती उभारणाऱ्यांनी या भुंगेऱ्याकडे थोडा वेळ पाहावे. तणनाशकाची फवारणी स्वस्त पडते हे खरे, पण स्वस्त कोणाला? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना शेतमजूर दगावले. औषध निराळे होते, पाठीवरचा पंप आणि त्याखालचा माणूस मात्र तसाच असतो. आणि बेशरमही कोणाच्या तरी उपयोगाचे आहे. त्याचे कुंपण होते, वाळलेल्या काड्यांनी चूल पेटते. धूर डोळ्यांना झोंबतो, पण चूल पेटते. ते झुडूप नाहीसे केल्यावर ज्याची चूल विझते त्याला दुसरे जळण न देणाऱ्या निर्मूलनाने एक हानी दूर करून दुसरी केलेली असते, आणि ही दुसरी हानी कोणत्याही अहवालात नोंदली जात नाही.

या सर्व विचारातून उपटण्याविरुद्ध निष्कर्ष निघतो असे कोणाला वाटेल. तो तसा निघत नाही. घाणेरीने गुदमरलेल्या रानाला तसेच सोडणे म्हणजे अहिंसा नव्हे. ती आपण केलेल्या हिंसेकडे पाठ फिरविणे आहे. निघते ते वेगळेच: उपटण्याचा अधिकार झाडाच्या परकेपणातून मिळत नाही, तर तेथे राहून पुढचे काम करण्याच्या तयारीतून मिळतो. दिल्ली विद्यापीठातील सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेटच्या रानात घाणेरी काढण्याची जी रीत विकसित केली तिच्यात यंत्र नाही, रसायन नाही. मुख्य मूळ जमिनीखाली थोड्या अंतरावर कापायचे आणि झुडूप उलटे ठेवायचे, म्हणजे ते पुन्हा धरत नाही. हे पहिल्या दिवसाचे काम. पुढे, पाखरे ज्या झाडांवर बसून बी टाकतात त्या झाडांखाली पावसानंतर फिरून कोवळी रोपे वेचायची, आणि मोकळ्या जागेत स्थानिक गवत रुजवायचे. हे वर्षांचे काम. दक्षिण आफ्रिकेत १९९५ साली सुरू झालेल्या मोहिमेत पाणी शोषणाऱ्या परक्या वृक्षांच्या तोडीसाठी बेरोजगारांना मजुरी देण्यात आली. तेथेही अनुभव हाच की एकदा तोडून निघून गेलेल्या जागी पहिल्यापेक्षा दाट रान उठते. छत्तीसगडच्या शेतकऱ्याला हे कोणी शिकविण्याची गरज नव्हती. येथे फेकून पेरलेला भात महिना-सव्वा महिन्याचा झाला आणि बांधात पाणी साचले की त्या उभ्या पिकात हलका नांगर फिरवितात. या रीतीला ‘बियासी’ म्हणतात. नवख्याला ती क्रूर वाटते, कारण नांगराखाली तणाबरोबर भाताची रोपेही येतात. तण गाडले जाते, दाट भात विरळ होतो. पण बियासी तेथे संपत नाही. नांगर निघून गेल्यावर दुसरे काम सुरू होते, त्याला ‘चलाई’ असे नाव आहे: स्त्रिया चिखलात वाकून, जेथे रोपे दाट राहिली तेथून काढून, जेथे नांगराने जागा रिकामी केली तेथे एकेक लावीत जातात. नांगर अर्ध्या दिवसात फिरतो. चलाईला अनेक दिवस लागतात, आणि ते दिवस भर पावसाचे असतात.